वाचक विचारतात : जंगलात रोपं आहेत का?

प्रश्न : महाबळेश्वरच्या बाजूला आमच्या गावच्या डोंगरात अंजनी, पिसा, जांभूळ, हिरडा यांची जुनी झाडं भरपूर आहेत. तरी लागवड करावी, असं काही जण म्हणतात. जंगल आपोआप वाढतंय की नाही, हे कसं ओळखायचं?

उत्तर : वर न बघता खाली बघा. दाट सावली हे आजोबांच्या पिढीचं काम. नातवंडं जमिनीलगत मोजावी लागतात. डोंगरात वेगवेगळ्या उंचीवर १० × १० मीटरचे दहा चौकोन आखा. छातीच्या उंचीला (१.३७ मी.) ३० सें.मी. किंवा जास्त घेर असेल तर ते झाड. घेर कमी, पण उंची मीटरभराहून जास्त, अशी वाढती झाडं चौकोनाच्या ५ × ५ मीटरच्या कोपऱ्यात मोजा. मीटरच्या आतली रोपं प्रत्येक चौकोनातल्या १ × १ मीटरच्या चार तुकड्यांत. जातवार नोंद ठेवा. हेक्टरी आकडा काढताना दहाही चौकोनांची बेरीज घ्या आणि झाडांना १०ने, वाढत्या झाडांना ४०ने, रोपांना २५०ने गुणा. हा गुणाकार राहिला की रोपं उगाचच तुटपुंजी दिसतात.

मोजणी ऑक्टोबरात करा आणि मेअखेर पुन्हा. जुलैत जांभळाखाली रोपांचा गालिचा असतो, पण उन्हाळा काढतात ती थोडीच. रोपाच्या बुडाजवळची माती बोटानं उकरून बघा. कोंब काडीएवढा आणि मूळ अंगठ्याएवढं जाड असेल, तर ते यंदाचं रोप नव्हे. वणव्यानं किंवा गुरांनी वरचा भाग जातो आणि ते खालून पुन्हा फुटतं. तिथं लागवड काय कामाची? आधी जाळपट्टा (वणवा अडवणारा मोकळा पट्टा) काढा, चराई थांबवा. तोडलेल्या अंजनीच्या खुंटाचे फुटवेही रोपांत धरू नका.

एखाद्याच जातीची रोपं नसतील, तर कारण त्या जातीतच शोधा. बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, कोय धरण्याआधीच उतरवतात. मग बी पडणार कुठून? काही झाडं न उतरवता राखा. पिकलेल्या हिरड्याचा गर काढा, आतला जीव न दुखावता कोयीचं रुंद टोक किंचित कापा आणि दीड दिवस गार पाण्यात भिजवून पेरा. जांभळाचं उलट : बी वाळवून डब्यात ठेवलं की मेलं. खाल्ल्यावर आठवड्याभरात जागेवर लावा. एका बीतून दोन-तीन कोंब आले तर नवल वाटू देऊ नका.

प्रश्न : कारवीचं दाट झुडूप रोपांना दाबतं. कारवी काढून टाकावी का?

उत्तर : सरसकट नको, चढावरची माती तीच धरून ठेवते. सात-आठ वर्षांनी ती एकगठ्ठा फुलून वाळते, तेव्हा उजेड आपोआप मिळतो. मधल्या काळात निवडक रोपांभोवती हातभर जागा मोकळी करा, तीही पावसाळ्यानंतर.