फौजी ट्रकचालक वडिलांवर लिहिताना

आधी फौजेत आणि पुढे ट्रकवर राहिलेल्या वडिलांवर पहिल्यांदाच लेख लिहिताय, तर आधी कागद काढा. सेवामुक्तीच्या कागदांवर भरतीची आणि निवृत्तीची तारीख, हुद्दा, तुकडी सहसा सापडते. पदकं असतील तर त्यांची कडा भिंगाखाली धरा. बऱ्याच पदकांवर तिथे सैनिक क्रमांक आणि नाव कोरलेलं असतं. घरात ऐकलेल्या लढाईच्या गोष्टी या तारखांशी ताडून पाहा. जुळल्या नाहीत तर 'ते सांगायचे' म्हणून लिहा, गाळू नका.

ट्रकची वर्षं जास्त अवघड. त्यांचे कागद कुणी जपत नाही, आणि माझ्या मते खरा माणूस तिथेच असतो. त्यांच्यासोबत गाडीवर असलेल्यांना गाठा. 'कसे होते हो?' असं विचारलंत तर सगळे 'देवमाणूस' म्हणून मोकळे होतील! त्यापेक्षा विचारा, निघण्याआधी टायर कसे तपासायचे, भरलेली गाडी घाटात कुठल्या गिअरवर उतरवायचे, झोप अनावर झाली की काय करायचे. जुन्या फोटोत खिडकीकडचा हात दुसऱ्यापेक्षा जास्त रापलेला दिसतो का, तेही बघा.

आई असतील तर त्यांच्याकडे निवांत बसा. वडील गाडीवर असताना घर कुणी ओढलं, हे अशा लेखांतून हमखास सुटतं. आणि दोन पानांच्या वर जाऊ नका.