पाणी विचारायचं नसतं

लंडन, रविवार

लाडक्या चिऊ,

फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजवाड्याचे फोटो मिळाले आणि तुझं लांबलचक पत्रही. सेन नदीचं पाणी वर चढवायला १६८४ साली चौदा चाकांचं यंत्र बसवलं, तरी तिथल्या बागेतली सगळी कारंजी एकदम चालवण्याइतकं पाणी पुरत नसे. म्हणून राजा चौदावा लुई जवळ आला की शिट्टी वाजवून पुढच्या माणसाला इशारा द्यायचे आणि तेवढंच कारंजं सोडायचे. हे वाचून मला आमची चाळ आठवली. आमचंही पाणी वेळेवर यायचं, पहाटे साडेचारला, तासभर.

पत्राच्या शेवटी तू विचारलंस, "डिसेंबरात गिरगावात सिलिंडरवाले काका आले तेव्हा मी त्यांना 'पाणी हवंय का?' विचारलं, तर आजी का रागावली? मी चांगलंच वागले होते ना?"

चांगलंच वागलीस, बाळा. पण आपल्याकडे पाणी विचारायचं नसतं, द्यायचं असतं. विचारलं की समोरचा भिडेपोटी 'नको, नको' म्हणतो. तीन जिने सिलिंडर खांद्यावर घेऊन चढलेला माणूस, घशाला कोरड पडली असली तरी नकोच म्हणणार. भरलेलं भांडं पुढे केलं की त्याच्यावर मागायची वेळ येत नाही. आजीचं म्हणणं एवढंच होतं.

पहाटे पाणी यायच्या त्या तासाभरात आजी पिंप, हंडा, कळशी सगळं भरून घ्यायची. मग चिंचेने घासलेला पितळी तांब्या भरून, त्यावर फुलपात्र उपडं घालून दाराजवळच्या फळीवर ठेवायची. तो आल्यागेल्याचा. पोस्टमन, इस्त्रीवाला, पत्ता चुकलेला कोणीही. मे महिन्यात सोबत गुळाचा खडा, कारण उन्हातून आलेल्याने एकदम गार पाणी पोटात ओतू नये. आम्हा भावंडांना त्या तांब्याला हात लावायची मुभा नव्हती, घरातलं पाणी संपलं असलं तरी.

तुझ्या फोटोत एका कारंज्यावर सोनेरी बेडूक आहेत, त्यातल्या काहींचं अंग माणसाचं आहे. त्यांची गोष्ट कोणी सांगितली का? लॅटोना नावाची रोमन देवी दोन तान्ही बाळं घेऊन तहानलेली तळ्याकाठी आली. गावकऱ्यांनी तिला पाणी पिऊ दिलं नाहीच, वर तळ्यात उड्या मारून चिखल ढवळला. म्हणून ते बेडूक झाले. आजीने मला सांगितलेली गोष्ट नाथांची. काशीहून आणलेली गंगेची कावड रामेश्वराला न्यायची होती, वाटेत तापल्या वाळूत एक गाढव तडफडताना दिसलं आणि एकनाथांनी ती कावड त्याच्या तोंडात रिकामी केली.

पण तुला अर्धंच सांगणार नाही. लॅटोनाला अडवणारे आपल्याकडेही होते, आणि त्यांना कोणी बेडूक केलं नाही. जोतिराव फुल्यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्यांसाठी खुला केला, तेव्हा केवढा गहजब झाला! महाडच्या चवदार तळ्यावर गुरंढोरं पाणी प्यायची, पण या माणसांना बंदी होती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकरांनी तिथलं पाणी ओंजळीने प्यायलं, त्यांच्यामागून हजारो लोक प्यायले. त्यावरून त्यांना मारहाण झाली आणि नंतर तळ्याचं 'शुद्धीकरण' करण्यात आलं. पाणी प्यायलं म्हणून, चिऊ.

हे आपल्या घरातही होतं. आजी लग्न होऊन आली तेव्हा जिन्याखालच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप असायचा, चाळीची सफाई करायला येणाऱ्या बाईंसाठी. त्यांना पाणीही वरून ओतायचे. आजीने दोन वर्षं ते पाहिलं. मग एका सकाळी तिने तो कप उचलून कचऱ्यात टाकला आणि त्यांच्यापुढे आपला तांब्या आणि फुलपात्र ठेवलं. घरात आठवडाभर कोणी तिच्याशी बोललं नाही. ही गोष्ट ती स्वतःहून सांगत नाही, मला माझ्या आत्याकडून कळली.

मुंबईत अशी कारंजी नाहीत का, असंही विचारलंस. फ्लोरा फाउंटन आहे, १८६४ चं, पण ते बघण्यासाठी. मला तुला दाखवायची आहे ती फोर्टातली मिंट रोडवरची पाणपोई. रतनसी मुळजी या व्यापाऱ्याने आपल्या गेलेल्या मुलाच्या आठवणीत १८९४ साली बांधलेली. बोरीबंदरचं स्टेशन ज्यांनी उभारलं त्या स्टीव्हन्स साहेबांनीच तिचा आराखडा केला. मुलगा १५ वर्षांचा होता. बापाने त्याच्या नावाने रस्त्यावरच्या माणसांना पाणी दिलं. आपण दोघी जाऊ.

आणि पुढच्या वेळी सिलिंडर आला की तूच पुढे हो. फुलपात्र काठोकाठ भरू नकोस, हिंदकळतं. रिकामं झालं की लगेच तांब्या पुढे कर. दुसरं भांडंही विचारायचं नसतं.

तुझी आई