रोज मेंटल हेल्थचे रील्स बघून मला एडीएचडी आहे असं वाटालंय, डॉक्टरकडे न जाता त्यातलेच उपाय केले तर चालतील का?

भावा, तू लिहिलंयस की एकवीस वर्षाचा आहेस, चार महिने झाले अभ्यासात लक्ष लागत नाही, रीलमधली एडीएचडीची (लक्ष एका जागी टिकत नाही, चंचलपणा, तो त्रास) सगळी लक्षणं जुळालीत आणि आता कुणाचं तरी बघून डोपामाइन डिटॉक्स (म्हणजे मोबाईल, मजा सगळं काही दिवस बंद) आणि अश्वगंधाच्या गोळ्या चालू केल्यास. मी काय डॉक्टर नाही, कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. पण ह्याच भानगडीतनं गेलोय म्हणून सांगतो.

2023 ला माझी दर आठवड्याला शिफ्ट बदलायची. झोपेचं वाटोळं, दिवसभर अंग जड, सुपरवायझरनं सांगितलेलं दहा मिनिटात विसरायचो. एकदा पहाटे चहाच्या टायमाला एक रील आलं, किल्ली कुठं ठेवली विसरता का, काम अर्धवट सोडता का, लोक बोलताना मन भलतीकडं जातं का, मग तुम्हाला एडीएचडी असू शकतो. मी ते तीनदा बघितलं आणि तिथंच गंडलो, कारण तू एक शेवटपर्यंत बघितलंस की ॲप तसलीच पन्नास आणून टाकतंय. पहिल्या आठवड्यात मला एडीएचडी होता, पुढच्या आठवड्यात एन्झायटी, महिन्याभरात बालपणीचा ट्रॉमा. आई चुलीपुढं भाकरी थापालती, मी जाऊन तिला म्हटलं तुम्ही लहानपणी मला मारलंत म्हणून माझं आज असं झालंय. तिनं थापायचं थांबवलं, पिठाचा हात तसाच परातीत, म्हणाली तुला मास्तर मारायचे रे, आम्ही कधी मारलं? दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. ते रील करणाऱ्याला ह्यातलं काय माहीतच नाही, त्याला लाईक मिळाला, विषय संपला.

सगळी लक्षणं आपल्याला का जुळतात ह्याचं उत्तर लई जुनं आहे. 1948 मध्ये अमेरिकेत बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं वर्गातल्या पोरांची टेस्ट घेतली आणि प्रत्येकाला हे तुझं खास वर्णन म्हणून एक कागद दिला. पोरांनी सरासरी पाचातले चारच्या वर मार्क दिले, एकदम बरोबर आहे म्हणून. कागद सगळ्यांना एकच होता, वाक्यं स्टॉलवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातनं उचललेली! आपल्या पेपरातलं राशीभविष्य बी तसंच की, दुसऱ्याची रास वाचली तरी पटतंय.

आणि हे नुसतं माझं मत नाही. 2022 मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी टिकटॉकवरचे एडीएचडीचे सगळ्यात चालणारे 100 व्हिडिओ तपासले, त्यातले 52 दिशाभूल करणारे निघाले आणि फक्त 21 कामाचे. टिकटॉक आपल्याकडं 2020 लाच बंद झालं हे खरं, पण तोच माल आता दुसऱ्या ॲपवर मराठीत मिळतोय.

शेवटी दाजी मला धरून सायकिॲट्रिस्टकडं, म्हणजे मनाच्या डॉक्टरकडं, घेऊन गेले. आईला वाटलं आता पोराला रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात नेऊन टाकतात. तसलं काय नव्हतं, साधं क्लिनिक, बाहेर माझ्यासारखीच चार माणसं मोबाईल बघत बसलेली. डॉक्टर पाऊण तास नुसतं विचारत होते. हे कधीपासनं आहे, शाळेत असताना होतं का, घरी पण होतंय का फक्त कामावर, झोप किती, भूक कशी, दारू किती, घरात कुणाला होतं का, मरून जावं असं वाटतं का. एडीएचडी म्हणायला बाराव्या वर्षाच्या आधीपासनं लक्षणं दिसायला लागतात, ती पण एकापेक्षा जास्त ठिकाणी, हे मला तिथं कळलं. रीलनं मला एक प्रश्न विचारला नव्हता रे, नुसतं सांगत सुटलतं. मग रक्त तपासलं तर व्हिटॅमिन बी12 कमी (कोल्हापुरात राहून बी12 कमी म्हणून मित्र अजून हसतात, पण आमच्या घरात सगळे माळकरी, मटणाचा तांबडा पांढरा रस्सा फक्त वास घ्यायला), थायरॉईड बिघडलेला, आणि वर डिप्रेशन. म्हणजे काय तर होतं नक्की, रीलनं सांगितलं ते नव्हतं.

आता माझा खरा मूर्खपणा. डिप्रेशनची गोळी चालू झाली, तीनेक आठवड्यांनी फरक जाणवायला लागला, अडीच महिन्यात एकदम बरं वाटालतं. तेवढ्यात एक दाढीवाला हीलर रीलमध्ये म्हणाला, ह्या गोळ्यांची सवय लागते, आजच फेकून द्या. मी फेकल्या, डॉक्टरांना न विचारता. तिसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर गाडीवरनं येताना तावडे हॉटेलच्या चौकात डोस्क्यात बारीक करंट बसल्यागत झालं आणि गरगरायला लागलं. गाडी कडेला घेऊन फूटपाथवर बसलो, वीस मिनिटं. डॉक्टर ओरडले नाहीत, म्हणाले ही व्यसनाची गोळी नाही पण अचानक बंद केली की असं होतं, बरं वाटल्यावर पण काही महिने घ्यायची आणि हळूहळू कमी करायची. तुझी अश्वगंधा पण तशी निरुपद्रवी समजू नकोस, थायरॉईडवर तिचा परिणाम होतो, काहींच्या लिव्हरला त्रास झालाय, झोपेच्या गोळीबरोबर गुंगी वाढते. डॉक्टरला सांग घेतोयस म्हणून.

त्या दाढीवाल्याला मी मेसेज केलता. उत्तर आलं, 2,999 चा कोर्स आहे दादा, आज ऑफर. लाईफ कोच, हीलर हे शब्द कोणीपण लावू शकतो. सायकिॲट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढं मानसोपचाराचं शिक्षण घेतलेला, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडं नोंदणी लागते. नोंदणीचा नंबर विचारायचा सरळ, लाजायचं नाही.

रील्सचा फायदा शून्य असं पण म्हणणार नाही, डिप्रेशन हा शब्द मला घरात कोणी शिकवला नसता.

पैशाचं टेन्शन असेल तर सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतंय, सकाळी लवकर जा. जायचं धाडस होत नसेल तर टेलीमानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा 14416 लाव, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. आणि मरायचे विचार येत असतील तर हे वाचत बसू नकोस, आत्ता लाव आणि घरातल्या कुणालातरी शेजारी बसव.

जाताना एका कागदावर कधीपासनं काय होतंय, किती वाजता झोपतोस आणि काय काय गोळ्या घेतोयस ते लिहून ने, तिथं गेल्यावर सगळं विसरायला होतं. सेव्ह केलेली रील्स पण दाखव. मी तीन दाखवली, डॉक्टरांनी चष्मा लावून तिन्ही बघितली आणि हसले नाहीत.