बल्गेरियातल्या प्लोव्हदिवला सात टेकड्यांचं शहर म्हणतात, मग मोजल्या तर सहाच कशा भरतात?

सातवी टेकडी दगडासाठी फोडून संपवली म्हणून. तिचं नाव मार्कोव्हो टेपे, टेपे म्हणजे तुर्कीत टेकडी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे खाण चालायची आणि सायनाइट नावाचा टणक दगड काढून गावातल्याच रस्त्यांना फरसबंदीसाठी वापरला, फार वाईट वाटतं वाचून. आता तिथे त्याच नावाचा मॉल आहे, २०१६ ला उघडलेला. फक्त एक लक्षात ठेवा, नुसता नकाशा बघून मोजलंत तर चारच वाटतील, कारण जुनं शहर ज्यांवर वसलंय त्या नेबेट, जांबाझ आणि टाक्सिम या तिघी एकमेकींना चिकटलेल्या आहेत, रोमन लोक तर त्यांच्यावरूनच गावाला त्रिमोंतियम म्हणजे तीन टेकड्यांचं म्हणायचे.