त्याच जमिनीत तेच झाड

स. न. वि. वि.

आपली कन्या ठाण्यात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि येऊरच्या जंगलातील एका फेरीनंतर तिने वनमृदेचा ध्यास घेतला आहे, असे आपण कळवले आहे. ‘एकाच जमिनीवर पुन्हापुन्हा झाडे लावल्याने मातीचा कस जातो का, एवढ्या प्रश्नावर पोट भरेल का?’ ही आपली शंका रास्त आहे. परंतु प्रश्न एवढासा नाही.

खोडाच्या लाकडात अन्नद्रव्यांचे प्रमाण कमी असते, तर पाने, डहाळ्या आणि साल यांत ते अधिक असते. निलगिरीच्या सालीत कॅल्शियम भरपूर असते. म्हणून साल रानातच सोलून टाकली की जमिनीचे बरेचसे जमिनीकडेच राहते, मात्र अख्खे झाड उचलून नेले आणि तोडीचे फेरे लवकर लवकर घेतले, तर झीज भरून यायला अवधीच मिळत नाही. आपण मूळचे मुरबाडकडचे, तेव्हा राबभाजणी, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पाला-डहाळ्या जाळणे, पाहिली असेलच. तोडीनंतरचा पाला जाळला की त्यातले बरेचसे नत्र (नायट्रोजन) धुरावाटे जाते आणि राखेतले पालाश (पोटॅशियम) पावसात वाहून जाऊ शकते. दक्षिण ऑस्ट्रेलियात रेडिएटा पाइन या लाकडासाठी लावल्या जाणाऱ्या झाडाचे त्याच जमिनीवरील दुसरे पीक पहिल्यापेक्षा कमी भरल्याची नोंद १९६०च्या दशकात झाली. पुढे पाला न जाळता राखल्यावर आणि तण आवरल्यावर ती घट भरून काढता आली. झाडाला दोष देऊन मोकळे होणारे पुष्कळ भेटतात (आमच्या सोसायटीतही आहेत), पण तिथे दोष मुख्यतः पद्धतीचा होता.

हे सारे रसायनशास्त्रच आहे. त्यामुळे शिक्षण अर्धवट सोडून दापोलीच्या वनशास्त्र पदवीला नव्याने प्रवेश घेणे मला पटत नाही. पदवीनंतर देहरादूनच्या वन संशोधन संस्थेतील एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा तिला देता येईल. भारतीय वनसेवेची परीक्षाही रसायनशास्त्राच्या पदवीधराला खुली आहे, परंतु ती नोकरी मुख्यतः प्रशासनाची आहे. संशोधनातील जागा मोजक्याच असतात, आणि लागवडीच्या एका फेऱ्याचे उत्तर मिळायला वर्षे जातात, याची मात्र मनाशी तयारी हवी.

येऊर राष्ट्रीय उद्यानात येत असल्याने तिथली माती परवानगीशिवाय उचलू नये. गावी आपल्या बांधावर साग असेल, तर सागाखालचे आणि शेजारच्या मोकळ्या माळाचे नमुने तिने एकाच खोलीवरून घ्यावेत, सावलीत वाळवावेत आणि सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून मातीत येणारा कार्बन) तपासून घ्यावा. आकडे हाती आल्यावर पुढचे पत्र तिने स्वतः लिहावे.