नदी-नाल्याचं काम करायचं म्हणते, पण त्यावर पोट भरेल का?

पत्र : आमची शेती वडगाव-शहापूर शिवारात, बळ्ळारी नाल्याला लागून. नाल्याचं पाणी शिवारात पसरलं की लावलेलं भात कुजतं. थोरली मुलगी आता पीयूसी सेकंड इयरला (म्हणजे बारावीला), सायन्स. दहावीपर्यंत मराठी माध्यम. शिवारातल्या पोरांबरोबर नाल्यासाठी निवेदनं देत फिरते आणि म्हणते, मी नदी-पाण्याचंच काम करणार. मी म्हणतो इंजिनिअरिंग कर. यात करिअर आहे का, की नुसतीच समाजसेवा? – एक शेतकरी पालक, बेळगाव

नमस्कार. करिअर आहे, पण 'नदीचं काम' या नावाची नोकरी कुठेच नाही. त्या कामात पगार मिळतो तो भूजल तपासणाऱ्याला, ओढ्या-नाल्याचा आराखडा करणाऱ्या इंजिनिअरला, प्रयोगशाळेतल्या विश्लेषकाला, वकिलाला आणि गावात बसून लोकांना एकत्र आणणाऱ्या कार्यकर्त्याला. मुलीला यातलं काय जमतं, ते प्रवेशाआधी कळलं पाहिजे. सुदैवाने पाऊस तोंडावर आहे आणि नाला तुमच्या बांधाला आहे.

निवेदनात 'दरवर्षी अतोनात नुकसान होते' असं लिहिलं की कागद फाईलला लागतो. 'अमुक तारखेला सकाळी आठला रस्त्याखालच्या मोरीच्या वरच्या अंगाला पाणी खालच्या अंगापेक्षा दीड फूट उंच होतं' असं लिहिलं की साहेबांना उत्तर द्यावं लागतं. म्हणून तिने या पावसाळ्यात नाला मोजावा. तुमच्या शिवाराजवळची एक मोरी किंवा लहान पूल निवडा. संबंधित कार्यालयाला सांगून, मोरीच्या दोन्ही अंगांच्या (पाणी आत शिरतं ते वरचं अंग, बाहेर पडतं ते खालचं) भिंतींवर ऑइल पेंटने दर 10 सेंटिमीटरला खूण करा. दोन्ही पट्ट्यांचा शून्य एकाच पातळीत हवा. त्यासाठी गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाईप पुरते. मात्र पाईपात हवेचा बुडबुडा राहिला तर पातळी चुकते आणि पुढचं सगळं मोजमाप वाया जातं. पाणी भरताना पाईप सावकाश भरा आणि दोन्ही टोकं शेजारी धरून पातळी जुळते का ते आधी बघा.

जोराचा पाऊस झाला की दर तासाला दोन्ही आकडे वहीत लिहायचे. वरच्या अंगाला पाणी बरंच चढलेलं आणि खालच्या अंगाला कमी असेल, तर मोरी अपुरी आहे किंवा गाळ-जलपर्णीने तुंबली आहे. दोन्हीकडे पातळी जवळजवळ सारखी असेल, तर अडथळा आणखी खाली कुठेतरी आहे. अशा वेळी ही मोरी साफ करून किंवा मोठी करून शिवारातलं पाणी उतरत नाही. गाळ काढण्यावर पैसा खर्च होतो आणि पुढच्या पावसात पाणी पुन्हा तिथेच येतं, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. चार-पाच पावसांची अशी नोंद कुठल्याही निवेदनापेक्षा वजनदार असते.

पावसाचंही माप लागेल. सरळ कडांचं भांडं घ्या. बाटली कापून केलं असेल तर तळाचा वाकडा भाग सिमेंटने भरून सपाट करा. झाड किंवा घर जितकं उंच असेल, त्याच्या दुप्पट अंतरावर भांडं ठेवा. रोज सकाळी साडेआठला वाचा, कारण हवामान खात्याचा दिवस तिथून मोजतात आणि तुलना करता येते. 1 मिलिमीटर पाऊस 1 हेक्टरवर पडला की 10 हजार लिटर पाणी होतं. 100 मिलिमीटरच्या दिवशी शिवारात किती पाणी उतरलं, हा हिशेब तिने स्वतः केला की नाल्याची रुंदी का कमी पडते हे तिला कोणी समजावून सांगावं लागत नाही.

वाहतं पाणी मोजायला अर्धी भरलेली बाटली सोडून वेळ घ्यायची. उदाहरण घ्या : सरळ टप्पा 10 मीटर, रुंदी 3 मीटर, सरासरी खोली 0.4 मीटर, बाटलीला लागले 25 सेकंद. वेग सेकंदाला 0.4 मीटर. वरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात पळतं, म्हणून 0.85 ने गुणायचं. उत्तर येतं सेकंदाला साधारण 408 लिटर, म्हणजे 14 क्युसेकच्या (सेकंदाला घनफूट) थोडं वर. बाटली तीनदा सोडा आणि सरासरी घ्या. बळ्ळारी नाल्यात दोन अडचणी येतील. जलपर्णीत बाटली अडकते, म्हणून मोकळा टप्पाच निवडा. आणि खोली मोजायची काठी गाळात रुतते, मग खोली जास्त दिसते आणि पाणीही फुगवून मोजलं जातं. काठीच्या टोकाला तळहाताएवढी सपाट चकती ठोका, ती गाळावर टेकते. नाल्यात शहराचं सांडपाणी आहे. मुलीने आत उतरायचं नाही, सगळं काठावरून किंवा पुलावरून आणि हातमोजे घालून. पूर असताना बाटलीचा नाद सोडायचा, फक्त पट्टी वाचायची.

पाण्याचा दर्जा बघायचा तर विरघळलेला ऑक्सिजन आधी. आंघोळीच्या पाण्याला लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम लागतो. शेवाळ असलेल्या पाण्याचा नमुना दुपारी घेतला तर आकडा चांगला दिसतो, कारण उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं. खरी अवस्था सूर्योदयाच्या आधी कळते. बाटलीत बुडबुडा राहू द्यायचा नाही. नमुन्याच्या चिठ्ठीवर वेळ नसेल तर तो अहवाल कोणीही खोडून काढेल. हेच सांडपाणी भाताला गेलं की नत्र जास्त होतं, पीक हिरवंगार वाढतं आणि लोंबी भरायच्या वेळी लोळतं. तुमच्याकडच्या बासमतीवाल्यांना हे शिकवायला नको, पण तारखेसह वहीत उतरवून ठेवा. भात पाण्याखाली किती दिवस होतं हेही लिहा. पीक नुकसानीच्या मदतीला 33 टक्के किंवा जास्त नुकसान लागतं, तेव्हा पंचनाम्याला नुसतं तोंडी सांगण्यापेक्षा वही आणि फोटो पुढे करता येतात.

आता शिक्षण. सप्टेंबरअखेर वही चाळून बघा, तिला कशात रस आला. पट्टी, पातळी, हिशेब यात रमली असेल तर तुमचं म्हणणं बरोबर : सिव्हिल इंजिनिअरिंग किंवा कृषी अभियांत्रिकी. मात्र सिव्हिलमध्ये चार वर्षं इमारतीच जास्त शिकवतात. पाण्याची बाजू तिला निवडक विषयांतून, प्रोजेक्टमधून आणि पुढे एम.टेक.मधून उभी करावी लागेल. कृषी अभियांत्रिकीत मृद व जलसंधारण हा स्वतंत्र विभागच असतो. कर्नाटकात रायचूरच्या कृषी विद्यापीठाचं कॉलेज आहे, महाराष्ट्रात राहुरीचं. तुम्ही शेतकरी, म्हणून केसीईटीत (कर्नाटकाची प्रवेश परीक्षा) शेतकरी कोट्याकडे लक्ष द्या. त्याची प्रात्यक्षिक परीक्षा वेगळी असते आणि घरची शेती पुस्तकाशिवाय तिथे कामाला येते.

शिवारातल्या विहिरी, बोअर, खडक यांत डोकं चालत असेल तर बी.एस्सी.ला भूगर्भशास्त्र घ्या आणि एम.एस्सी. करा. कर्नाटक विद्यापीठ, धारवाड इथे भूगर्भशास्त्र विभाग आहे. पुढे यूपीएससीची कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षा देता येते, त्यातून केंद्रीय भूजल मंडळात शास्त्रज्ञ घेतात. एक सावधगिरी : पदवीला थेट 'पर्यावरणशास्त्र' घेऊ नका. विषय वाईट नाही, पण सरकारी जाहिरातींत भूगर्भशास्त्र, सिव्हिल, कृषी अभियांत्रिकी ही नावं असतात आणि पर्यावरणवाला पुष्कळदा अर्ज भरतानाच अडतो. पर्यावरण एम.एस्सी.ला घेता येतं.

कागदपत्रं आणि भांडण तिला आवडत असेल तर पाच वर्षांचं लॉ. बेळगावात राजा लखमगौडा लॉ कॉलेज आहे. या भागात पाण्याचा वकील लागतोच, कारण वेदगंगा-दूधगंगेचा महाराष्ट्रातला वरचा भाग राष्ट्रीय हरित लवादाच्या (पर्यावरणाचे खटले तिथे चालतात) पुणे खंडपीठाकडे आणि कर्नाटकातला खालचा चेन्नई खंडपीठाकडे. म्हादई तर तीन राज्यांत अडकलेली, तिच्यासाठीच्या वेगळ्या जलविवाद लवादाने 2018 मध्ये कर्नाटकाला 13.42 टीएमसी दिलं तरी वाद संपला नाही. हरित लवादाकडे जायला कारण घडल्यापासून साधारण सहा महिन्यांची मुदत असते. नुकसानभरपाईला पाच वर्षं. पहिली मुदत लोकांना माहीत नसते, आणि निवेदनं देण्यातच ती निघून जाते.

लोकांत बसायला आवडणाऱ्यांसाठी कुठलीही पदवी करून टाटा समाजविज्ञान संस्थेत पाणी धोरणाचं एम.ए. किंवा बंगळूरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात विकासाचं एम.ए. आहे. यात पैसा कमी आणि नोकरी कराराची. पाणलोटाचे प्रकल्प साधारण तीन ते पाच वर्षांचे असतात, प्रकल्प संपला की करारही संपतो. आयटीतल्या चुलतभावाच्या पगाराशी तुलना केली तर घरात कटकट होईल. तेव्हा हा रस्ता घेतलाच तर सोबत जीआयएस (संगणकावरचे) नकाशे करायला शिकू द्या, त्याला मागणी असते.

मराठी माध्यमाची काळजी करू नका, पण कन्नड टाळू नका. पंचायतीचे ठराव, सर्व्हे नकाशे, उतारे कन्नडमध्ये आणि राज्य सरकारच्या नोकरीला कन्नडची परीक्षा. वरच्या धरणांच्या विसर्गाच्या मराठी बातम्या आणि खालच्या कर्नाटकातले कागद, दोन्ही वाचणारी मुलगी या सीमाभागात कुठल्याही संस्थेला हवी असते. माहिती अधिकाराचा अर्ज कर्नाटकात एकाच विषयावर आणि साधारण 150 शब्दांत बसवावा लागतो. तो कन्नडमध्ये लिहायचा सराव आत्ताच करून घ्या.

महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी 'ई' प्रकार आहे. त्यासाठी एमएचटी-सीईटी (महाराष्ट्राची प्रवेश परीक्षा) द्यावीच लागते, शाळेचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो, आणि अटी त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतूनच बघायच्या. केसीईटी आणि एमएचटी-सीईटी, दोन्हीचे अर्ज भरा, तारखा एकमेकींवर येतात का ते बघून. जमिनीचा उतारा, उत्पन्नाचा दाखला आणि मातृभाषेचा दाखला दिवाळीआधी काढून ठेवा, निकाल लागल्यावर नाडकचेरीत (दाखले देणारं महसूल कार्यालय) रांग लागते.