नागरी हक्क, नोकरी आणि शिक्षण यांचे खटले लढवणाऱ्या वकिलाची कारकीर्द कशी असते?

मी कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांचं उदाहरण देईन. अमेरिकेतल्या न्यू हेवनमध्ये १९२१ साली जन्म, १९४६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी, आणि काम नागरी हक्कांचे नामवंत वकील थरगूड मार्शल यांच्या हाताखाली.

१९४९ मध्ये त्या मिसिसिपीतल्या जॅक्सनला गेल्या. खटला होता कृष्णवर्णीय शिक्षकांना गोऱ्या शिक्षकांइतकाच पगार मिळावा म्हणून. आता हा खटला नोकरीचा म्हणायचा, शिक्षणाचा की नागरी हक्कांचा? तिन्ही. या क्षेत्रात विषय असेच एकमेकांत गुंतलेले असतात. पुढे शाळांमधला वर्णभेद मोडणाऱ्या 'ब्राउन' खटल्याची मूळ तक्रार त्यांनी लिहिली. जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला तेव्हा फक्त गोऱ्यांना घेणाऱ्या मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळवून द्यायला १९६१ ते १९६२ अशी सव्वा वर्षाहून जास्त लढाई झाली. एका विद्यार्थ्याच्या एका प्रवेशासाठी! तेवढी चिकाटी असेल तरच या वाटेला या.

सर्वोच्च न्यायालयात त्यांनी १० खटले मांडले, ९ जिंकले.

१९६६ मध्ये त्या संघीय न्यायाधीश झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. १९७५ मध्ये वकिलांच्या एका फर्मवर स्त्रियांना नोकरीत डावलल्याचा दावा त्यांच्यापुढे आला. फर्म म्हणाली, तुम्ही स्त्री आणि कृष्णवर्णीय, तेव्हा बाजूला व्हा. त्यांनी साफ नकार दिला: वंश आणि लिंग तर प्रत्येक न्यायाधीशाला असतं, मग हा खटला ऐकणार कोण? मला त्यांचा हा निकाल फार मोलाचा वाटतो.